सोनू, तुझ्या शब्दांच्या वहीबद्दल

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस की ॲपवरनं रोज २० इंग्लिश शब्द पाठ करतीयस, आठवड्यानं त्यातले दोनसुद्धा आठवत नाहीत आणि वर्गात बोलायची वेळ आली की गप्प बसतीस. तेव्हा दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तुझं डोकं कमी पडत नाहीये बाळा. ते शब्द तुला कुठं भेटलेलेच नाहीत, मग ध्यानात राहतील कसे?

काउंटरखालच्या ड्रॉवरमधली माझी निळी डायरी तू लहानपणापासनं बघतीयस. तिच्यातला पहिला शब्द कसा आला ते मात्र तुला कधी सांगितलं नाही. मी १९ वर्षांचा होतो, मराठी मीडियमचा, दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये कामाला. साखरेची गाडी घेऊन गोव्याला निघालेला एक ड्रायव्हर सर्दीची गोळी घेऊन गेला. पाकिटावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असं छापलेलं, मी ते रोज बघायचो पण अर्थ काय ते कुणाला विचारलं नव्हतं. चार दिवसांनी तो परत आला, म्हणाला भावा, गोळी खाल्ली आणि स्टेअरिंगवरच डोळा लागला, गाडी साइडपट्टीला उतरली तेव्हा हादऱ्यानं जाग आली. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. त्या रात्री मी डिक्शनरी काढून बघितलं, ड्राउझिनेस म्हणजे गुंगी, झापड. मला हे माहीत असतं तर 'मुक्कामाला पोचल्यावर घ्या' एवढंच सांगायचं होतं. अजून ते पाकीट हातात आलं की तो माणूस डोळ्यापुढं येतो, म्हणून तो शब्द मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासनं एक सवय लावली, शब्द एकटा लिहायचा नाही. ज्या वाक्यात भेटला ते आख्खं वाक्य, कुठं दिसला, तारीख, आणि अर्थ आपल्या घरातल्या मराठीत. गोळ्यांच्या डबीत ती पांढरी पुडी असती बघ, 'डेसिकंट, डू नॉट ईट' लिहिलेली, तिच्यापुढं मी लिहिलंय 'ओल पिऊन घेणारी पुडी'. महिनाभरानं बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात 'डेसिकेटेड कोकोनट' दिसलं आणि मला इतका आनंद झाला, अरे हा तर त्याचाच भाऊ, सुकवलेलं खोबरं! दोन्हीच्या मुळाशी कोरडं या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. तासगावला शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली तू बघितलीयस, हिरवा मणी आक्रसत जाऊन बेदाणा होतो, तेच की डेसिकेट होणं. आता सांग, हा शब्द पाठ करायला लागंल का तुला?

खोकल्याच्या बाटलीवरचं एक्सपेक्टोरंट पण असंच. एक्स म्हणजे बाहेर, पेक्टस म्हणजे छाती, छातीतला कफ बाहेर काढणारं औषध. एकदा फोडून बघितलं की लांबलचक शब्दाची भीती जाती.

आणि २०१९ चा महापूर आठव. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर, डायरीची मधली पानं तेव्हापासनं फुगलेलीच आहेत. त्या आठ-दहा दिवसांत आख्ख्या सांगलीच्या तोंडी एकच शब्द होता, कोयनेचा डिस्चार्ज किती. मी तेव्हा लिहून ठेवलं, दवाखान्यातनं पेशंटला डिस्चार्ज, मोबाईलची बॅटरी डिस्चार्ज, धरणातनं पाण्याचा डिस्चार्ज, सगळीकडं काहीतरी सुटतंयच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, क्युबिक फूट पर सेकंद हे आखडून केलेला शब्द. कोयना १०५.२५ टीएमसीची हे इथल्या पोरांना पाठ असतं, पण टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे विचारलं तर चार जण गप्प बसतात.

तुझ्याकडं तर माझ्यापेक्षा जास्त खजिना आहे. मेसमधली नोटीस, लॅबमधल्या मशीनवरची वॉर्निंग, शाम्पूची बाटली, बँकेचा मेसेज. आठवड्याला तीन-चार शब्द बास झाले, आणि जो शब्द दुसऱ्यांदा कुठं भेटला त्याच्यापुढं खूण कर, तो कामाचा. चारचौघांत भाव खायला जडजड शब्द गोळा करू नकोस, ते कुणीच बोलत नाही. आणि लिहिलेला शब्द त्याच दिवशी कुणाशी तरी बोलून बघ, चुकला तर चुकला. इंग्लिशनं तरी काय केलंय, सगळीकडनं शब्द गोळा केलेत, मंगूज हा शब्द आपल्या मराठी मुंगसावरनंच गेलाय तिकडं.

तुझा दादा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडं दोन किलो बेदाणे आणि दोनशे पानी वही देतोय. वही कोरी आहे, माझ्या डायरीतलं काही उतरून दिलेलं नाही. आई म्हणती बेदाणे रूममधल्या पोरींना पण दे, आणि मागचा स्टीलचा डबा त्याच्याकडं परत पाठव. रविवारी दुकान दुपारनंतर बंद असतं, तेव्हा फोन कर, काय सापडलं ते सांग.

तुझा,
पप्पा