जुना व्हाइस घेताना आटे पाहा

महोदय,

सोलापुरात यंत्रमाग भंगारात निघाले की पाठोपाठ जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) बाकावरचे बेंच व्हाइसही (दोन जबड्यांत काम घट्ट धरायचे अवजार) निघतात. विकणारा वर निळा-हिरवा रंग मारतो आणि आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुले ‘जड आहे, म्हणजे चांगला’ म्हणून तो उचलतात. बीड (ओतीव लोखंड) जडच असते, त्यात काय पाहायचे?

पाहायचे ते स्क्रूचे आटे. दुकानदार कुरकुरला तरी दांडा उलटा फिरवून पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढा. रोजचे काम बहुधा इंच-दोन इंच जाडीचे, त्यामुळे दांड्याकडच्या आट्यांवरच झीज होते. ते सुरीसारखे पातळ आणि टोकाकडचे जाड, चौकोनी दिसले, तर आतला नटही तितकाच झिजलेला समजा. व्हाइस जोडल्यावर दांडा मागे-पुढे करा. जबडा हलण्याआधी तो पाव फेऱ्याहून जास्त मोकळा फिरला, तर जबडा हाताने पुढे-मागे ओढा. स्क्रू जागेवर राहून नुसता जबडा हलला, तर दोष मानेजवळच्या वॉशर-पिनचा, किरकोळ. जबड्याबरोबर स्क्रूही सरकला तर नट गेला. टर्नरकडून नवा करून घेता येतो, पण तो खर्च धरूनच भाव करा.

तडे शोधायचे ते मागच्या जबड्याच्या मुळाशी आणि बोल्टच्या कानांत (बाकाला बोल्ट मारायच्या भोकांच्या बाजूंत). तिथला रंग खरवडा. खाली लांबी (पुट्टी) भरलेली निघाली तर संशय घ्याच. रॉकेलचा बोळा फिरवून थोड्या वेळाने कोरडे पुसा, वर खडू घासा. तडा असेल तर काही मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटते. पितळी पिवळी रेघ दिसली तर ते ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडलेला जुना तडा. कानाला असेल तर एक वेळ चालेल, जबड्याच्या मुळाशी असेल तर सोडून द्या. दांडा वाकलेला असला तर बहुधा त्यावर पाइप घालून आवळलेले असते. मग मूळ पुन्हा एकदा तपासा.

जबड्याच्या पट्ट्या घासल्या आहेत म्हणून मात्र कुणी व्हाइस नाकारू नये. त्या छोट्या स्क्रूंनी बसवलेल्या असतात, बदलता येतात. दोन्ही टोकांना वरच्या कडेशी कागदाची एकेक पट्टी धरून हलके आवळा. एक घट्ट आणि दुसरी सुटत असेल, तर पट्टी की सरकता भाग तिरका, हे पट्ट्या काढून ठरवा.

भंगार व्यावसायिकांना विनंती, की व्हाइस रंगवू नका. गंजलेलाच ठेवा.

आपला,
एक वाचक, सोलापूर