मंत्रिमहोदय, नाशिकच्या कामगाराला भाड्याचं घर हवं आहे

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : नाशिकमध्ये कामाच्या ठिकाणाजवळ सरकारी पैशातून भाड्याची घरं बांधण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी नाशिकच्या सिडको वसाहतीत, उत्तमनगरला राहतो. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला तीस वर्षं काढून निवृत्त झालो. खाली आम्ही दोघं राहतो आणि वर काढलेल्या दोन खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्याने देतो. भाडं घेणारा माणूस भाडेकरूंसाठी पत्र का लिहितोय, हे आधी सांगतो.

वर सध्या सहा जण राहतात. एक सुरगाण्याचा, दोघं परभणीकडचे, बाकी जळगाव-धुळ्याचे. अकरा महिन्यांचा करार दोघांच्या नावावर आहे, चौघं मागून आले. मी काही बोललो नाही, कारण साडेनऊ हजार भाडं दोघांना झेपणारं नाही. सगळे कंत्राटी, हातात चौदा-साडेचौदा हजार पडतात. गाद्या चार. फर्स्ट शिफ्टवाला पहाटे उठून गेला की नाइट करून आलेला त्याच गादीवर पडतो. गेल्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी बघायला भरदुपारी वर गेलो. उजेड येऊ नये म्हणून खिडकीला जुनी चादर खिळ्यांनी ठोकलेली, आत दोघं गाढ झोपलेले, आणि सुरगाण्याचा पोरगा बाहेर जिन्यावर डबा उघडून बसलेला. सेकंड शिफ्टला निघायला त्याला अजून दोन तास होते. मी म्हटलं, आत बस की. तो म्हणाला, "काका, भांड्याचा आवाज झाला की त्यांची झोप मोडते."

त्याचं लग्न झालंय. बायको गावी आहे, मुलगी दीड वर्षाची. फॅमिली आणायची म्हणून त्याने अंबड, पाथर्डी फाटा, चुंचाळे सगळं पालथं घातलं. एका खोलीला सहा-सात हजार भाडं, वर वीस-पंचवीस हजार डिपॉझिट, शिवाय एजंटला एक महिन्याचं. नाही जमलं. मुलीला तो महिन्यातून दोन दिवस बघतो.

गावाच्या दुसऱ्या टोकालाही तेच. माझी भाची गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, पगार बावीस हजार. त्या भागात तिला दाखवलेल्या वन बीएचकेचं भाडं पंधरा हजारांच्या खाली नव्हतं, आणि एकटी मुलगी म्हटल्यावर अर्ध्या सोसायट्यांनी "फक्त फॅमिली" सांगून वाटेला लावलं. ती आडगावला राहते. सेकंड ड्यूटी रात्री साडेआठला संपते, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत नऊ, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बस बदलायची. घरी पोचायला साडेदहा होतात आणि तोवर तिची आई दाराशी फोन घेऊन उभी असते. ज्या वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती सलाईन लावते, त्या वस्तीत तिला एक खोली परवडत नाही.

मला स्वतःला घर मिळालं ते सिडको या सरकारी महामंडळाच्या सोडतीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या लोकांना डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून सिडकोने नवीन नाशिकमध्ये एकामागून एक सहा योजना केल्या. तेव्हा नोकरी कायम होती, हप्ता पगारातून कापला जायचा आणि घर उभं राहायचं. त्या योजनेचं ऋण मी आजही मानतो. पण एक गोष्ट डोळ्यांदेखत घडली. ते घर स्वस्त होतं फक्त माझ्यासाठी, फक्त एकदा. माझ्या ओळीतलं तसंच घर गेल्या वर्षी चाळीस लाखांच्या वर विकलं गेलं. सरकारने एका कामगारासाठी दिलेली सवलत दुसऱ्या खरेदीतच बाजारात मिसळून गेली, आणि आज त्याच गल्लीत त्याच कंपनीचा कामगार चार गाद्यांवर सहावा झोपतो. तेच घर सरकारने भाड्याने ठेवलं असतं, तर एव्हाना त्यात आठ-दहा कुटुंबं राहून, चार पैसे गाठीला बांधून पुढे गेली असती.

आपली सगळी गृहनिर्माण व्यवस्था विक्रीभोवती फिरते, हे माझं गाऱ्हाणं आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात वीस टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावा लागतो. नियम चांगला आहे, कारण महागड्या भागात साधी माणसं येण्याचा तो एकच सरळ रस्ता आहे. पण ती घरंही म्हाडाच्या सोडतीतून विकलीच जातात. ठेकेदाराच्या पावतीवर पगार घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही, मग सोडतीत नंबर लागून तो करणार काय? या वीस टक्क्यांतलं निदान दर चौथं घर म्हाडाच्या नाशिक मंडळाने स्वतःकडे ठेवावं आणि नर्स, बसवाहक, सफाई कामगार यांना भाड्याने द्यावं. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरला सरकारला नव्याने जमीन घेणं परवडणार नाही. तिथे हाच मार्ग आहे.

भाड्याच्या घरांची कल्पना सरकारला नवी नाही. १९५२ मध्येच केंद्राने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना आणली होती. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा हायवेने डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन चालत निघालेले कामगार आम्ही नाशिककरांनी पाहिले, पाथर्डी फाट्यावर त्यांना पाणी दिलं. शहरात त्यांचं काम होतं, घर नव्हतं. त्याच वर्षी जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना मंजूर केली आणि सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याची घरं हा चारपैकी एक घटक आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही कामाजवळ घर हे तत्त्व आहे, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे आणि २० हजार कोटींच्या महाआवास निधीची तरतूद सांगितली आहे. त्यातलं भाड्याच्या घरांना किती, हा माझा प्रश्न आहे.

हिशेब मांडायची सवय आहे म्हणून मांडतो. नवं तंत्रज्ञान वापरून बांधलेल्या भाड्याच्या घरांना केंद्राचे चौरस मीटरला तीन हजार आणि राज्याचे दोन हजार असं अनुदान आहे. तीस चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे सव्वातीनशे फुटांच्या घराला ते दीड लाख होतं. जमीन फुकट धरली तरी असं घर बांधायला माझ्या ठोकताळ्याने दहा लाख लागतील. उरलेले साडेआठ लाख पंचवीस वर्षांच्या कर्जाने काढले तर साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ६,८५० रुपये पडतो, पाच टक्क्यांनी ४,९७०. या दोन आकड्यांतच सगळं आहे. देखभालीचे आठशे धरून भाडं सहा हजारांच्या आत बसलं, तर नवराबायको दोघं कमावणारं कुटुंब राहू शकतं, नाहीतर तिघांनी मिळून दोन-दोन हजारांत. व्याजातला फरक राज्याने भरायचा म्हटलं तर पाचशे घरांमागे वर्षाला सव्वा कोटीही लागत नाहीत.

जमीन मात्र सरकारनेच द्यायला हवी, आणि ती विकून नव्हे. अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरीच्या अक्राळे इथल्या एमआयडीसीच्या मोकळ्या भूखंडांतून नाममात्र भाडेपट्ट्याने द्या. तमिळनाडूने हे करून दाखवलंय. श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगाळला तिथल्या सिपकॉट या औद्योगिक महामंडळाने ७०६ कोटी खर्चून १८,७२० महिला कामगारांची निवासी वसाहत उभी केली, ऑगस्ट २०२४ मध्ये उद्घाटनही झालं. आपली एमआयडीसी त्यांच्या महामंडळापेक्षा कुठे कमी आहे?

आपले अधिकारी म्हणतील, सरकारी भाडेकरू निघत नाही, भाडं वाढवता येत नाही आणि इमारत पडायला येते. अनुभव खरा आहे. मुंबईच्या बीडीडी चाळी सरकारनेच भाड्याने देण्यासाठी बांधल्या होत्या. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८ पासून १६० फुटांची भाड्याची घरं बांधायला घेतली, त्यातली पनवेलजवळच्या कोनची घरं पुढे दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना सोडतीने दिली गेली. गिरणी कामगारांना घर मिळालं याचा मला आनंदच आहे, तो त्यांचा हक्क होता. पण भाड्याचं म्हणून बांधलेलं घर शेवटी मालकीचं झालं आणि भाडेकरू होता तिथेच राहिला.

म्हणून सुरुवातीलाच अटी बांधून घ्या. घर लिव्ह अँड लायसन्सवर, तीन वर्षांसाठी, फार तर एकदा मुदतवाढ. खासगी घरमालकाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर ताबा घेता येतो, तशीच अट इथेही करारात हवी. दरवर्षी चार टक्के भाडेवाढ करारातच लिहा. आणि देखभालीचे आठशे रुपये वेगळ्या खात्यात जमा होऊ द्या, त्याला कोणालाही हात लावता येणार नाही असा शासन निर्णय काढा. मी आयुष्यभर पाहिलंय, देखभालीचा पैसा सर्वसाधारण खात्यात गेला की गळकं छत गळकंच राहतं.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. बंदोबस्ताला येणारे पोलीस, सफाई कामगार, आरोग्यसेवक यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यावर मोठा खर्च होईल. त्यातल्या काही पैशांतून शयनगृहांच्या पक्क्या इमारती बांधल्या, तर पर्वणीत पोलीस राहतील आणि नंतर कामगार.

अकाउंट्सच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याला लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात स्वतःचं खातं नाही, त्यावर एक रुपया खर्च होत नाही. धोरणाच्या पुस्तिकेत भाड्याच्या घरांवर परिच्छेद आहे, पण मी मागतोय ती ओळ अर्थसंकल्पात हवी. येत्या मार्चमध्ये "कामगार भाडे गृहनिर्माण" असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि अंबडमधल्या पहिल्या पाचशे घरांसाठी त्यात अनुदानाचा राज्याचा वाटा आणि व्याजफरकाचे सव्वा कोटी टाका. वरच्या पोरांचा करार फेब्रुवारीत संपतोय. मी तो आहे त्याच भाड्याने पुढे चालू ठेवणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कंपनी कर्मचारी
उत्तमनगर, सिडको, नाशिक