लहान विमान म्हणजे सोपे विमान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानप्रतिकृतींच्या छंदावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. मध्यभागी उभ्या चालकाने दोन बारीक तारांना बांधून आपल्याभोवती वर्तुळात उडवायच्या इंजिनाच्या विमानांना, म्हणजेच कंट्रोल लाइन या प्रकाराला, त्यात स्वतंत्र जागा मिळाली याचा आनंद झाला. ड्रोनच्या गर्दीत या प्रकाराची आठवण हल्ली फारशी कोणी काढत नाही. मात्र लेखाच्या शेवटी नवशिक्यांना असा सल्ला दिला आहे की त्यांनी सर्वांत छोट्या, 0.049 घनइंची म्हणजे सुमारे 0.8 सीसीच्या इंजिनापासून सुरुवात करावी, कारण ते विमान स्वस्त, हलके आणि म्हणून सोपे असते. यातील स्वस्त आणि हलके ही दोन विशेषणे मला मान्य आहेत. सोपेपणाबद्दल मात्र माझी हरकत आहे, आणि ती थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

या विमानाला चालकाच्या ताब्यात ठेवणारी गोष्ट म्हणजे तारांवरील ताण. हातातील हँडल वरखाली कलवले की तारांमार्फत पंखाजवळचा बेलक्रँक, म्हणजे तारा जोडलेली फिरती पट्टी, फिरतो, तो पुशरॉड ही शेपटीकडे जाणारी सळई सरकवतो आणि शेपटीचा एलेव्हेटर, म्हणजे विमान वर-खाली वळवणारी झडप, हलतो. तारा सैल पडल्या की ही सारी साखळी तुटते आणि विमान चालकाचे उरत नाही. हा ताण येतो तो वर्तुळाकार गतीतून. सुमारे 170 ग्रॅमचे छोटे विमान 10.7 मीटर लांबीच्या तारांवर 5 सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला साडेतेरा मीटरच्या आसपास आणि तारांवरची ओढ जेमतेम 300 ग्रॅम भरते. याउलट पावणेदोन-दोन किलोचे मोठे कसरतीचे विमान 20 मीटरच्या तारांवर जवळपास तेवढ्याच वेळात फेरी पूर्ण करते आणि हाताला 5 किलोहून अधिक ओढ देते. मोठ्या विमानाच्या चालकाला ते क्षणोक्षणी हातात जाणवते; छोट्याच्या चालकाला ते आहे की सुटले, हे कधीकधी डोळ्यांनीच पाहावे लागते.

छोट्या विमानातील बहुतेक अडचणी या 300 ग्रॅमांतून निघतात. एलेव्हेटरची बिजागरी किंचित जड असली, तरी 5 किलोंच्या ओढीला ते कळतही नाही, पण येथे हँडल कलवूनही शेपूट हलत नाही. म्हणूनच जाणकार मंडळी पुशरॉड जोडण्यापूर्वी एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली पडतो का, ते पाहतात आणि न पडल्यास दोऱ्याने शिवलेली ही बिजागरी नव्याने शिवतात. वाऱ्याचेही तसेच. सेकंदाला चार मीटरचा वारा आपल्याला सुखद वाटतो, परंतु तो या विमानाच्या वेगाच्या जवळपास तिसरा हिस्सा असतो. चालकाच्या ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूला विमान गेले की वारा त्याला आत ढकलतो आणि तारा ढिल्या होतात. त्या क्षणी एक पाऊल मागे टाकण्याचे ज्याला सुचते, त्याचे विमान वाचते. त्यात भर प्रोपेलरची. विमान वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, डावा पंख आतल्या बाजूस असतो आणि प्रोपेलरची प्रतिक्रिया नेमका तोच पंख खाली दाबू पाहते. यावर उपाय म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला सात-आठ ग्रॅम शिसे लावतात, इंजिनाचे तोंड किंचित बाहेर वळवतात आणि तारा पंखातून बाहेर पडण्याची जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे ठेवतात. हे सारे मोठ्या विमानातही करतात, पण तेथे चूक झाली तर विमान बेढब उडते. येथे ते चालकाच्या अंगावर येते.

इंजिनाकडे वळलो तरी चित्र बदलत नाही. या इंजिनात ठिणगी नसते. ग्लो हेडमधील, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरील झाकणातील, प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवतात, आणि मग इंधनातील मिथेनॉलच्या वाफांमुळे ती स्वतःच तापलेली राहते. सिलिंडर जितका छोटा, तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ अधिक, त्यामुळे उष्णता लवकर निघून जाते. म्हणून या छोट्या इंजिनांना इंधनात नायट्रोमिथेन या जोर वाढवणाऱ्या द्रवाचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त लागते. वंगणासाठी इंधनात सुमारे 20 टक्के तेल हवे आणि त्यातला मोठा वाटा एरंडेलाचा असावा, कारण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचा गोळीसारखा सांधा तापल्यावर एरंडेलच तेथे टिकून राहते. इंधनाचा प्रवाह ठरवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हचे छिद्र एवढे बारीक असते की इंधनातला एक कण इंजिन बंद पाडतो, आणि गाळलेले इंधन पुन्हा गाळणारा माणूस विक्षिप्त ठरत नाही. रीड व्हॉल्व्हची, म्हणजे पातळ पातीच्या झडपेतून हवा-इंधन आत घेणारी, इंजिने तर उलट्या दिशेनेही तितक्याच उत्साहाने सुरू होतात. चालू झाल्याचा आनंद मानेपर्यंत विमान मागे सरकू लागते! शिवाय वेग कमीजास्त करण्याची सोय नसल्याने टाकीतले इंधन संपेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे, नवशिक्याला उडवतच राहावे लागते.

बांधणीबद्दल थोडक्यात एवढेच, की येथे प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो. बाल्सा या हलक्या लाकडाच्या दिसायला सारख्या दोन फळ्यांची घनता दुपटीने वेगळी असू शकते, तेव्हा दुकानात वजनकाटा मागण्यास लाजू नये. शेपटीकडे हलकी फळी वापरावी आणि इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेचा लेप मिथेनॉलपासून लाकूड वाचेल इतकाच द्यावा.

लेखातील एका ऐतिहासिक उल्लेखाचीही दुरुस्ती करावीशी वाटते. कंट्रोल लाइनचे जनक म्हणून त्यात केवळ जिम वॉकर यांचे नाव आले आहे. वॉकर यांनी हा प्रकार 1940 च्या दशकात लोकप्रिय केला आणि त्याचे पेटंटही मिळवले, हे खरे; परंतु ओबा सेंट क्लेअर यांनी 1930 च्या दशकातच अशी विमाने उडवली होती, आणि पुढे न्यायालयात हीच गोष्ट पुढे आल्यावर वॉकर यांचे पेटंट टिकले नाही. तो खटला वॉकर यांनी भरला होता तो लेरॉय कॉक्स यांच्यावर. ज्यांच्या 0.049 इंजिनांनी हा छंद घरोघरी नेला, ते हेच कॉक्स.

मग नवशिक्याने करावे तरी काय? अनुभवी साथीदार मिळत असेल, तर 2.5 सीसीच्या आसपासचे इंजिन आणि पंधरा-सोळा मीटरच्या तारा असलेले सपाट धडाचे, जाड पंखाचे विमान घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जागेच्या किंवा पैशाच्या अडचणीमुळे छोटेच घ्यायचे असेल, तर बाल्साच्या एकाच फळीचा रुंद पंख, रबर बँडने बांधलेला म्हणजे आपटल्यावर सुटून येणारा, अशी रचना निवडावी. हँडलवरील दोन तारांमधील अंतर कमी ठेवावे, म्हणजे हाताची घाबरी हालचाल शेपटीपर्यंत सौम्य होऊन पोहोचेल. वारा जवळपास नसेल तेव्हाच, आणि असलाच तर विमानाच्या पाठीमागून येईल अशा ठिकाणाहून साथीदाराने ते हातातून सोडावे. म्हणजे पाव फेरीनंतर वाराच तारा ताणून धरतो. पहिल्या फेऱ्यांत नजर विमानावरच ठेवावी, जमिनीकडे पाहिले की भोवळ येते.

शेवटी एक विनंती. विजेच्या तारांविषयी लेखात एकही वाक्य नाही. पोलादी तार वीजवाहिनीला लागली तर चालकाचा जीव जाऊ शकतो, आणि तारेऐवजी वापरलेला ओला किंवा मळलेला कृत्रिम धागाही सुरक्षित समजता येत नाही. वीजवाहिन्यांजवळ आणि ढग गडगडत असताना हे विमान उडवू नये, तसेच हँडलचा पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, या सूचना पुढील अंकात चौकटीत छापाव्यात.

कळावे,
आपला,
एक वाचक