लायब्ररीतल्या सरांना जाहीर थँक्यू

सर, नमस्कार.

समोर येऊन सांगितलं असतं तर 'अहो मॅडम, ते आमचं कामच आहे' म्हणत तुम्ही परत रजिस्टरमध्ये डोकं घातलं असतं, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितेय.

यंदाचे एमएचे प्रोजेक्ट तपासून झाले, आणि खरं सांगते, तळटिपा वाचायला मजा आली. हो, तळटिपा!

फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनी मुक्ता साळवे, त्यांच्या निबंधावर लिहिणारी आमची पोरगी आठवते ना? तिने खाली ठोकून दिलं होतं, 'ज्ञानोदय, 1855', म्हणजे त्या जुन्या नियतकालिकाचा अंक. तुम्ही एवढंच विचारलंत, 'तो अंक तू पाहिलास का गं?' ती म्हणाली, नाही सर, एका पुस्तकात निबंध छापलाय त्यातून घेतला. 'मग तसंच लिही की. मूळ ज्ञानोदयमधला, मी वाचला अमुक पुस्तकात, अमुक पानावर. त्यात कमीपणा कसला?' आणि वर हेही समजावलंत की पुस्तकवाल्याने एखादी ओळ गाळली असेल, शुद्धलेखन बदललं असेल, तर त्याचं खापर उगाच ज्ञानोदयवर फुटतं. मी शेजारच्याच टेबलावर पेपर तपासत होते, पेन थांबलंच माझं. सिलॅबसमध्ये एपीए आणि एमएलए या संदर्भ लिहायच्या पद्धतींचे स्वल्पविराम आहेत हो, हे कुठे आहे?

फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचंही तेच. दोघांनी एकच उतारा घेतलेला, पान नंबर वेगळे, दोघं भांडायला लागले, तर तुम्ही दोन्ही प्रती पुढ्यात ठेवून आतलं पान उघडायला लावलंत, आवृत्ती वेगळी, साल वेगळं, संपलं भांडण.

आणि ते दहा टक्क्यांचं प्रकरण! यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबद्दलचा 2018 चा नियम पोरांपर्यंत पोचतो तो एवढाच की 'दहा टक्के जुळलं तर चालतं', मग शेवटच्या आठवड्यात सगळे शब्द फिरवायला बसतात, 'निधन झाले'चं 'अखेरचा श्वास घेतला', की झालं ओरिजिनल. तुम्ही नियमच स्क्रीनवर उघडलात. 10 ते 40 टक्के आलं तर सुधारून परत द्यायचं, 60च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द, ते ऐकून वर्ग गार पडला. पण मला त्यापुढचं जास्त आवडलं, की अवतरणात घालून नीट संदर्भ दिलेला मजकूर या मोजणीतून वगळतात. म्हणजे नाव लिहिलं की टक्का वाढतो ही भीतीच फुकटची होती, आणि त्या भीतीपायी कितीजण नावं खोडत होते देव जाणे. आणि शब्द फिरवले तरी विचार दुसऱ्याचाच, तिथेही नाव हवंच, हे तुम्ही चारदा तरी बजावलंत. मला वाटतं पाचव्यांदाही लागेल.

शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध मिळाला की लगेच कॉपी न मारता आधी शेवटची संदर्भसूची उघडायची आणि त्यातली पुस्तकं आपल्या रॅकवर शोधायची, ही सवय तर आता मलाच लागलीये. धूळ खात पडलेले अंक बाहेर निघाले त्यामुळे, शिपाईदादांची कुरकुर तुम्ही ऐकलीच असेल.

तर मनापासून थँक्यू सर. जूनमध्ये नवी बॅच येतेय, टाईमटेबलमध्ये शनिवारचे पहिले दोन तास तुमच्या नावावर टाकलेत, प्राचार्यांची सही पण झालीये, आता नाही म्हणू नका.

तुमच्या मराठी विभागातली,
रोज पुस्तक उशिरा परत करणारी मॅडम