आबांच्या कॅसेटी आणि घरचा नवा कॉम्प्युटर

नंदनवन, नागपूर
रविवार, रात्री

प्रिय अथर्व,

उद्या पहाटेच्या बसने मी गडचिरोलीला निघते. तू झोपेत असशील, म्हणून लिहून ठेवते आहे. सीताबर्डीवरून आणलेला कॉम्प्युटर समोरच्या खोलीत लागला, इंटरनेटवाला जोडणी करून गेला. दहावीच्या निकालापर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. तो सगळा व्हिडिओ बघण्यात जाऊ नये, असं मला फार वाटतं. बघ, जरूर बघ. पण या यंत्रावर तुझ्या हातून काही घडलंही पाहिजे.

सुरुवात ईमेलपासून कर. आजवर मोबाईलवर माझाच मेल वापरलास, आता स्वतःचा काढ. पत्त्यात नाव-आडनाव आणि फार तर एखादा आकडा असू दे. ‘किंग’ नि ‘रॉकर’ असलं काही नको. अकरावीच्या अर्जावर, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर, पुढे नोकरीलाही हाच पत्ता जाणार आहे. माझ्या ऑफिसात लोक येतात, पासवर्ड आठवत नाही म्हणतात, मेलला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला असतो, आणि त्या मेलवरची सगळी कामं अडकून बसतात. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड करायची लिंक बहुतेक वेळा मेलवरच येते. म्हणजे ज्याच्या हाती तुझा मेल, त्याच्या हाती तुझं सगळं. पासवर्ड लांब ठेव. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडलेस तरी चांगला होतो. तो दुसरीकडे कुठेही वापरू नको. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागण्याची सोय, आजच चालू कर आणि रिकव्हरीला, म्हणजे अडकलेला मेल परत मिळवायला, माझा नंबर दे. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलास तरी माझी हरकत नाही. विसरून नवा मेल काढण्यापेक्षा ते बरं.

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट भरवशाची, असं समजू नको. तुझ्या आणि त्या साइटच्या मधल्या वाटेवर कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की चोर, हे ते सांगत नाही. ‘आज रात्री वीज कापू, या नंबरवर फोन करा’ असले मेसेज आजीच्या फोनवर आले की ती घाबरते. तिला जवळ बसवून समजाव. कधी पैसे गेलेच तर लाजू नको, लपवू नको. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मला. उशीर झाला की पैसे पुढे सरकत जातात.

मराठी टाइप करायला लगेच शिक. सेटिंगमध्ये भाषा मराठी जोडलीस की इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी असलेला कीबोर्ड मिळतो. पहिल्या दिवशी बोटं अडखळतील, पण त्याची रचना समजली की सोपं आहे. स्वरांच्या मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. ‘नागपूर’ लिहायचं तर व्ही, ई, आय, एच, टी, जे या इंग्रजी अक्षरांच्या कळा दाबायच्या. कर बरं एकदा. आत्याला पहिली मेल मराठीत जाऊ दे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

आजीच्या लोखंडी पेटीत आबांच्या कॅसेटी आहेत. भंडाऱ्याकडच्या गावी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते दंडार हे आपल्याकडचं लोकनाट्य गायचे, ते कुणीतरी टेपवर भरून ठेवलेलं आहे. तू आबांना पाहिलंस तेव्हा त्यांचा आवाज गेलेला होता. तुझे आबा कसे गात, हे तुला माझ्या सांगण्यावरून कळणार नाही. आणि टेप काही कायम राहत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ती पेटी हात लावू देत नाही इतकी तापते.

पहिलं काम: प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या तोडून टाक. मग चुकून लाल बटण दाबलं तरी त्यावर दुसरं काही भरलं जात नाही. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे ज्याला घासून टेप फिरते तो धातूचा तुकडा, कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावून पूस. कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत आण, म्हणजे आत चिकटलेली टेप मोकळी होते. मग दोन्ही टोकांना हेडफोनची पिन असलेली वायर घे. एक टोक टेपच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात. गुलाबी माइकचं असतं, त्यात लावलंस तर आवाज फाटेल. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते त्याच्या मूळ साइटवरूनच घे. रेकॉर्ड करताना आवाजाची पट्टी लाल रंगाला भिडू देऊ नको. थोडा कमी भरलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. त्या वेळात आजीला शेजारी बसव. मागे झील कोण धरतंय, म्हणजे साथीला सूर कोण ओढतंय, ढोलकी कुणाची, गाव कुठलं, हे ती ओळखेल. ते त्याच वेळी टाइप करून घे. फाइलला नाव देतानाही गाव आणि साल लिही, ‘ट्रॅक १’ असं सोडू नको.

मूळ प्रत वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ठेव. ती मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे तासाला ६०० एमबी. त्यावरूनच एमपी३, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, कर; ती मिनिटाला १ एमबीच्या आसपास येते. आत्याला भोपाळला ही एमपी३ पाठवायची, पण जीमेलवर २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही. तेव्हा ती गूगल ड्राइव्हवर, म्हणजे मेलसोबत मिळणाऱ्या ऑनलाइन जागेत, चढव आणि मेलमध्ये लिंक दे. फुकटची जागा १५ जीबी, त्यात तुझे मेल आणि फोटोही आले, म्हणून वेव्ह तिथे टाकू नको. त्या मी एक हार्ड डिस्क आणेन तिच्यावर ठेवू. कॉम्प्युटरवर एकच प्रत ठेवून निश्चिंत बसू नको, डिस्क कधीही बिघडते.

अभ्यासाचंही या यंत्रावर पुष्कळ मिळतं. मराठी विश्वकोशाचे खंड सगळे ऑनलाइन वाचता येतात, बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. विकिपीडियावर वाचलंस तर लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडून बघायची सवय लाव.

कूलरची हवा थेट कॉम्प्युटरवर येते आहे, टेबल खिडकीपासून जरा सरकव. दमट हवा त्याला सोसत नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि विजा कडकडायला लागल्या की कॉम्प्युटर नि राउटर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आजीची बीपीची गोळी सकाळच्या चहानंतर, विसरू नको. आत्याला मेल करशील तेव्हा मला सीसीत ठेव, म्हणजे त्याची प्रत मलाही येईल. शनिवारी रात्री येते.

तुझी,
आई