सचिवताई, तुमच्या नकारांबद्दल आभार

आदरणीय ताई,

सचिवपदावरून तुम्ही आता मोकळ्या होताय. वार्षिक सभेत आभाराचा ठराव येईल, कोणीतरी अनुमोदन देईल, इतिवृत्तात एक ओळ पडेल. तेवढ्याने माझं भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र. कॉफी उत्पादकांची संस्था काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनीही वाचावं.

आपल्या संस्थेचं कौतुक करणारे गोदाम दाखवतात, फळाची साल काढणारं यंत्र, पल्पर, दाखवतात, परदेशी गेलेल्या मालाचे फोटो दाखवतात. मला आभार मानायचेत ते तुम्ही वेळोवेळी जे जे नाकारलंत त्याचे.

सुरुवातीच्या हंगामात तुम्ही काट्याजवळ उभ्या राहायचात आणि पोत्यात हिरवं फळ दिसलं की पोतं ओतून पुन्हा निवडायला लावायचात. मग पाण्याच्या टाकीत फळं सोडायची, तरंगतील ती बाजूला. दिवसभर तोडणी करून आलेल्या माणसाला हे किती झोंबतं! व्यापारी तर कच्चं, पिकलं, वाळलं सगळं एकाच भावाने घ्यायचा. तो दिलदार वाटायचा, तुम्ही खडूस. पण सरसकट भावात चांगल्या फळाची किंमत वाईटाच्या पातळीवर येते, हा हिशेब आमच्यापैकी कोणी कधी मांडलाच नव्हता. कॉफीच्या एका फांदीवरची फळं एकदम पिकत नाहीत. लाल तेवढीच तोडायची तर त्याच झाडाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि मजुरी वाढते. पिकल्या फळाला वेगळा दर मिळाल्याशिवाय हा खर्च कोण करील? तो दर तुम्ही संचालक मंडळाकडून आधी मंजूर करून घेतलात, मग पोती ओतायला लागलात. हा क्रम महत्त्वाचा. पुष्कळ संस्था उलटं करतात आणि सभासद गमावतात.

ओलाव्याचंही तसंच. वाळलेलं पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट बी, मूठभर घेऊन तुम्ही मीटरमध्ये टाकायचात आणि पडद्यावरचा आकडा ज्याचा माल त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचात. अकरा-बारा टक्के आला की पावती. तेराच्या वर गेला की माल परत वाळवणीवर, मग तो अध्यक्षांचा का असेना. (अध्यक्षांचा माल परत गेला त्या दिवशी सभासद संख्या वाढायला लागली, असं माझं पक्कं मत आहे.) एक किलो कच्च्या बीसाठी पाच-सहा किलो फळं लागतात, फळ विकून मोकळं होणारा शेतकरी सोलणं, आंबवणं, धुणं, वाळवणं या सगळ्या टप्प्यांची कमाई दुसऱ्याच्या पदरात टाकतो. ती कमाई घरी आली, पण त्यासाठी हे मीटरचे नखरे सोसावे लागले.

फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्राचा प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, आली तेव्हाची सभा आठवते? पौंडामागे 20 सेंट, दराच्या वरचे, आणि त्यांचं काय करायचं ते सभेनेच ठरवायचं. सगळ्यांचा एकच सूर: वाटून टाका. पाच सेंट उत्पादकता आणि दर्जावर खर्च करावेच लागतात हा नियम तुम्ही वाचून दाखवलात आणि उरलेलेही वाटायला ठाम विरोध केलात. त्यातून वाळवणीचे उंच मांडव झाले. हंगामाआधीच्या उचलीसाठी निधी उभा राहिला आणि उभं पीक गहाण टाकून व्यापाऱ्याकडून व्याजाने पैसे घेणं बऱ्याच घरांत थांबलं. शिवाय निवडणं-वाळवणं ज्या बायका करतात, त्यांना स्वतःच्या नावाने सभासदत्व आणि खातं द्यायचा आग्रहही तुमचाच. त्या सभेत तुम्हाला किती बोलणी बसली, ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात अवघड काळ मात्र भाव चढल्यावर आला. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली निर्यात कोट्याची पद्धत कोसळली, 2001 मध्ये अरेबिका जातीची कॉफी पौंडाला 50 सेंटांच्याही खाली गेली, हे सगळं तुम्ही आम्हाला सांगायचात. पडत्या काळात माणसं आपणहून संस्थेकडे येतात. पण फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातला दर पौंडाला 4 डॉलरच्या वर गेला, तेव्हा व्यापारी रोकड घेऊन दारात उभे. आपला काही माल आधीच ठरलेल्या, त्याहून कमी दराच्या कराराने बांधलेला. सभासद बाहेर माल घालू लागले. त्यांना काढून टाकण्याची नोटीस द्या, असं मंडळ म्हणत होतं. तुम्ही नोटिशीवर सही केली नाहीत. कराराची प्रत सभेत ठेवलीत, संस्थेच्या कर्जाचा आकडा सांगितलात आणि प्रत्येकाकडून किती पोती नक्की येतील ते त्याच्याच तोंडून लिहून घेतलंत. जेवढं लिहिलं गेलं तेवढ्यावरच खरेदीदाराशी पुन्हा बोललात. पुढच्या करारांत निम्मा माल तरी दर नंतर ठरवण्याच्या अटीवर, हेही तेव्हाच ठरलं.

आणि वाढीची घाई तुम्ही कधी केली नाहीत. एका वीस फुटी कंटेनरला साधारण 19 टन बी लागतं, म्हणजे शंभर टनांच्या आसपास फळ. आपला एकट्याचा तेवढा एकसारखा माल होत नव्हता. काहींचं म्हणणं, भराभर सभासद करा. तुम्ही शेजारच्या संस्थांना जोडून संघ करायचं सुचवलंत आणि दाखला दिलात इथिओपियातल्या ओरोमिया संघाचा, जो 1999 मध्ये प्राथमिक संस्थांनी मिळून उभा केला. प्रत्येक संस्थेने आपला काटा सांभाळायचा, निर्यात संघाने करायची. आज तसंच चाललंय.

आता एक काम. नव्या सचिवांनी दप्तर ताब्यात घेतलंय, पण दर निश्चितीच्या तारखा आणि बँकेच्या मुदती यांचा मेळ तुम्ही कसा घालायचात, हे कुठल्याच फाइलीत नाही. निवृत्ती सुरू व्हायच्या आधी त्यांच्याबरोबर एकदा बसा. पावती पुस्तकं मी घेऊन येतो.

आपला,
एक सभासद