भाजीच्या टेम्पोतल्या काकूंना

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, बेळगावच्या वडगावातले माग थांबले आणि आमची मजुरीही. एप्रिलपासून रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ फुकट मिळायचा, त्यामुळे पोट भरायचं. पण ताटात भात आणि पातळ आमटी, एवढंच. आईला मधुमेह. तिला तिन्ही त्रिकाळ भात कसा चालणार?

कडोलीकडून टेम्पो घेऊन येणाऱ्या काकू, तुमचं नाव विचारायचं राहिलं. गिऱ्हाईक नसल्यानं तुमचाच माल शेतात सडत होता, तरी मेथी, शेपू, वांगी दारोदार वाटलीत. आईचं कळल्यावर पुढच्या खेपेला घरच्या जोंधळ्याचं पीठ तिच्यासाठी वेगळं बांधून आणलंत. "भाकरी खावा आक्का, भात कमी करा," म्हणालात. पैसे पुढे केले तर हात मागे घेतलात. मनापासून आभार, काकू. आई अजून तुमची चौकशी करते.